नाव छापून येण्याची किंमत

धाराशिव जिल्ह्यात येणाऱ्या कुठल्याही मराठी दैनिकाचे जिल्ह्याचे पान उघडले, की वरच्या भागात पीकविमा, तेरणा प्रकल्पातला पाणीसाठा, महामार्गावरचा अपघात आणि जिल्हा परिषदेतली खडाजंगी असते. नजर खाली सरकली की निराळे जग सुरू होते. तुळजापुरात मंत्रिमहोदयांनी सपत्नीक तुळजाभवानीचे दर्शन घेतले, मंदिर संस्थानच्या वतीने देवीची प्रतिमा देऊन त्यांचा सत्कार झाला. कळंबला बाजार समितीच्या नव्या सभापतींना फेटा बांधला गेला. उमरग्यात मुख्याध्यापक सेवानिवृत्त झाले. परंड्यात नेत्याच्या वाढदिवसानिमित्त रक्तदान शिबिर झाले. सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले, तेही शेवटच्या दोन ओळींत आले. आणि तळाशी पासपोर्ट फोटोसह निधन वार्ता. पत्रकारितेच्या वर्गात या मजकुराची दखल फारशी घेतली जात नाही, पण गावात पेपर आला की अनेकांची नजर आधी इथेच जाते. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘पेज थ्री’ या नावाखाली जे केले, त्याचे धाराशिवातले रूप हेच आहे: कोणाला मान मिळाला, कोण कोणाच्या शेजारी उभे राहिले, कोणाच्या घरी लग्न निघाले, कोण गेले, याची रोजची नोंद. ही नोंद ठेवणारा तालुक्याचा वार्ताहर मात्र अनाम आहे, आणि बातमीवर ‘प्रतिनिधी’ याखेरीज त्याची खूण नसते. समाजवार्ता हा हलका मजकूर आहे, असे समजले जाते. तसे ते नाही. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याच खिशातून लिहिणाऱ्याचे पोट भरायला लावले, की ती हलकी होते. आणि मग तिच्यासोबत पानाचा वरचा अर्धा भागही वाकतो.

या व्यवसायातली मराठी घरातून निघालेली सर्वांत ठळक कारकीर्द शोभा डे यांची. १९४८ साली जन्मलेल्या शोभा राजाध्यक्ष मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, मॉडेलिंग करून नाव मिळवले आणि जाहिरातींचा मजकूर लिहिण्याच्या नोकरीला लागल्या. तिथून प्रकाशक नारी हिरा यांनी त्यांना ‘स्टारडस्ट’ या नव्या मासिकाच्या संपादकपदावर बसवले. ऑक्टोबर १९७१ मध्ये पहिला अंक निघाला तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या. सिनेमासृष्टीवर तोवर बरेचसे अदबीने लिहिले जाई. या मासिकाने मुंबईत प्रत्यक्ष बोलली जाणारी हिंदीमिश्रित इंग्रजी छापायला घेतली आणि नट-नट्यांच्या आयुष्याकडे शेजारणीच्या नजरेने पाहिले. पुढे ‘सोसायटी’ आणि ‘सेलिब्रिटी’ या मासिकांचे संपादन, वृत्तपत्रांतले स्तंभ, १९८९ मधली ‘सोशलाइट ईव्हनिंग्ज’ ही कादंबरी, १९९८ मधले आत्मचरित्र, असा हा प्रवास पाच दशकांहून अधिक काळ चालला आहे. त्यांच्या लेखनाला उथळ म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यातला काही भाग उथळ आहेच. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. ज्या दिवाणखान्यात त्या बसत, त्याच दिवाणखान्याविषयी त्या यजमानाची परवानगी न घेता लिहीत. श्रीमंत आणि प्रसिद्ध माणसांच्या वागण्याचे वर्णन करायला त्या माणसांची संमती लागत नाही, हे त्यांनी एका पिढीला दाखवून दिले.

हे धाडस स्वभावातून आले असेल, पण ते टिकले पैशाच्या रचनेमुळे. मासिक विकत घेणारा वाचक पैसे देत होता, जाहिरात देणारी साबणाची किंवा कापडाची कंपनी देत होती. ज्याच्यावर लिहायचे तो नट देत नव्हता. अमिताभ बच्चन आणि ‘स्टारडस्ट’ यांच्यातला अबोला वर्षानुवर्षे चालला, देशातल्या सर्वांत मोठ्या नटाने पाठ फिरवली, तरी मासिक बंद पडले नाही. पुढे २०१५ साली मराठी चित्रपटांना संध्याकाळचे खेळ सक्तीने देण्यावर शोभा डे यांनी ट्विटरवर टीका केली तेव्हा विधानसभेत त्यांच्याविरुद्ध हक्कभंगाची नोटीस निघाली आणि घरासमोर निदर्शने झाली. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोटिशीला स्थगिती मिळाली. त्या वादात त्यांचे म्हणणे बरोबर होते की चूक, हा वेगळा मुद्दा. मराठी चित्रपटाच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही रास्त तक्रार होतीच. पण ज्यांना दुखावले त्यांच्यावर रोजीरोटी अवलंबून नसलेला लेखकच असा पाय रोवून उभा राहू शकतो. मुंबईतच ही रचना नंतर पालटली. १९९४ मध्ये ‘बॉम्बे टाइम्स’ ही पुरवणी आली आणि पेज थ्रीचे युग सुरू झाले. २००३ मध्ये टाइम्स समूहाने ‘मीडियानेट’ काढून पुरवणीतली प्रसिद्धी दर लावून विकायला सुरुवात केली. आता पाहुण्याला पानावर येण्यासाठी वार्ताहराच्या नजरेत भरण्याची गरज उरली नाही, पैसे भरले की पुरे. मधुर भांडारकर यांच्या २००५ च्या ‘पेज थ्री’ चित्रपटातल्या वार्ताहर मुलीला मेजवान्यांची वार्ता लिहिण्यापुरतीच मोकळीक असते. मोठ्या माणसाचा गुन्हा लिहायला घेतल्यावर तिची नोकरी जाते. चित्रपटाने ते नाट्यमय करून दाखवले. छोट्या गावात तेच कुठल्याही नाट्याविना घडत असते.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात समाजवार्ता लिहिणारा माणूस या व्यवसायात कसा येतो, ते पाहिले की पुढचे सगळे उलगडते. तो बहुधा दुसरे काहीतरी करत असतो. कोणाचे स्टेशनरीचे दुकान असते, कोणी पेपरची एजन्सी चालवतो, कोणी खासगी शिकवणी घेतो, कोणाची चार एकर कोरडवाहू शेती असते. दैनिकाला तालुक्यात माणूस हवा असतो, याला ओळखपत्र हवे असते. नियुक्तीपत्र मिळतेच असे नाही, आणि मानधन असले तर ते मोटारसायकलच्या पेट्रोललाही पुरेलसे नसते. त्याची खरी कमाई जाहिरातीवरच्या कमिशनची. दिवाळी, स्वातंत्र्यदिन, दैनिकाचा वर्धापनदिन, नेत्याचा वाढदिवस, नवरात्र अशा प्रत्येक निमित्ताने पुरवणी निघते आणि प्रत्येक तालुक्याला टार्गेट ठरते. साखर कारखान्याचे अध्यक्ष, पतसंस्थेचे चेअरमन, शिक्षणसंस्थेचे सचिव, जिल्हा परिषदेचे गुत्तेदार, पोटनिवडणुकीत उतरू पाहणारे ‘भावी’ सदस्य, ही त्याची जाहिरातदारांची यादी. यांच्याच सत्काराच्या बातम्या तो लिहितो आणि यांच्याकडेच महिनोन्‌महिने बिलाच्या वसुलीसाठी खेटे घालतो. वसुली झाली नाही तर कमिशन तर बुडतेच, उलट थकबाकीचा ठपका त्याच्याच डोक्यावर येतो. सेवंती निनान यांनी हिंदी पट्ट्यातल्या वृत्तपत्रांच्या वाढीवर २००७ साली लिहिलेल्या पुस्तकात ही पद्धत तपशीलवार नोंदली आहे: गावापर्यंत पोहोचणारे वृत्तपत्र गावातूनच फुकटात माणूस उभा करते आणि बातमी व जाहिरात ही दोन्ही कामे त्याच्याच गळ्यात घालते. मराठवाड्याचे चित्र त्याहून निराळे नाही. कायद्याचा आधारही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकाराची व्याख्या करताना पत्रकारिता हा ‘मुख्य व्यवसाय’ असण्याची अट घातली. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाची शिफारस २०११ मध्ये अधिसूचित झाली, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण ज्याचा मुख्य व्यवसाय कागदोपत्री दुकान किंवा शेती आहे, त्याच्या हाती त्यातले काय लागणार? ज्येष्ठ पत्रकारांसाठी राज्य सरकारने बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाने सन्मान योजना काढली. तिथेही कित्येक वर्षांच्या नोकरीचा पुरावा लागतो, आणि आयुष्यभर नियुक्तीपत्राविना राबलेला माणूस तो पुरावा कुठून आणील? दरवर्षी ६ जानेवारीला, जांभेकरांच्या ‘दर्पण’ या वृत्तपत्राच्या स्मरणार्थ, तालुक्याच्या गावी पत्रकारांना शाल-श्रीफळ दिले जाते. ते देणाऱ्या हातांत वर्षभर जाहिरात देणारे हातही असतात.

यातून जे होते त्याला भ्रष्टाचार म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. सभापतींच्या सत्काराची बातमी लावणे हा गुन्हा नव्हे. अडचण दुसऱ्या दिवशी येते. त्याच सभापतींच्या बाजार समितीत हमालांची मजुरी थकली, काट्यात मारले जाते अशी तक्रार आली, तेव्हा ती बातमी लिहिणारा माणूस तोच असतो. पुरवणीचे बिल अजून निघालेले नसते. वरच्या अर्ध्या पानावरची बातमी मग तीन ओळींची होते किंवा होतच नाही. हे कुठल्याही एका गावाचे गुपित नाही. ऑक्टोबर २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत काय झाले ते पी. साईनाथ यांनी पुराव्यासह मांडले: तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला होता. याच प्रश्नावर भारतीय पत्र परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिचा ७१ पानांचा अहवाल २०१० मध्ये तयार झाला, परिषदेने तो पूर्ण प्रसिद्ध करायला टाळाटाळ केली, आणि माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो लोकांसमोर आला. त्या अहवालाने पेड न्यूजची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीची, मुळे निवडणुकीच्या बऱ्याच आधीच्या सवयीत दाखवली. मीडियानेटचाही त्यात उल्लेख आहे. म्हणजे उमेदवाराने बातमी विकत घ्यायला निवडणुकीत प्रथम सुरुवात केली नाही. वाढदिवसाच्या, दर्शनाच्या, सत्काराच्या बातमीत तो दर आधीच रुळला होता. निवडणुकीने फक्त आकडा वाढवला.

इथे गंभीर वृत्तीचा वाचक म्हणेल की मग हा मजकूर बंदच करावा. दुष्काळी जिल्ह्याच्या पानावर सत्कार आणि वाढदिवस कशाला? पीकविमा, पाणी, स्थलांतर यांनाच जागा द्यावी. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो नावाची ताकद ओळखत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या वॉर्ड मॅकअलिस्टरने शहरातल्या ‘खऱ्या’ प्रतिष्ठितांची यादी १८९२ मध्ये वृत्तपत्रातून जाहीर केली, तेव्हा त्या यादीने असलेली प्रतिष्ठा नोंदवली तेवढीच नवी निर्माणही केली. कोणाचे नाव छापायचे यावर कोण मोजण्यासारखे हे ठरते. महाराष्ट्रातल्या परिवर्तनाच्या चळवळींना हे पक्के कळले होते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीनबंधू’ने सत्यशोधकांच्या कामाच्या वार्ता छापल्या, कारण इतर पत्रे त्या छापत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ या पत्रांत गावोगावच्या सभांची वृत्ते येत: अध्यक्ष कोण, ठराव कोणता, बोलले कोण, हजर कोण. आज ती वृत्ते वाचताना यादी लांबलचक वाटते. पण त्या यादीतल्या माणसाला त्याआधी गावाच्या कुठल्याही मानाच्या यादीत जागा नव्हती. धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिथे आले. निजामी राजवटीतल्या मराठवाड्यात वृत्तपत्रे मोजकीच होती, आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’वर बंदी आली की ते दुसऱ्या नावाने काढावे लागे. अशा काळात त्या परिषदेला आलेल्यांपैकी ज्यांची नावे कुठेतरी छापली गेली, ती माणसे आज त्यांच्या नातवंडांना सापडतात. बाकीची ‘मोठा जनसमुदाय’ या शब्दात विरघळून गेली. समाजवार्ता काढून टाकली तर पान गंभीर होणार नाही. त्यावर पुढारी, अधिकारी आणि आरोपी एवढ्यांचीच नावे उरतील.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. लोकांना नाव छापून यावेसे वाटते, ते हौसेने पैसे देतात, यात कोणाचे काय बिघडले? ज्याला हवे त्याने द्यावे. पण पैसे देणाऱ्या प्रत्येकाला दार उघडे असते, हे गृहीतक इतिहासात टिकत नाही. जानेवारी १९२० मध्ये बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची साधी जाहिरात, आकार घेऊनसुद्धा, छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. त्या नकारात पैशाचा प्रश्नच नव्हता. ते दार आज तसे बंद नाही, हे खरे. तरी दार उघडणारे हात फारसे बदललेले नाहीत. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या दिल्लीच्या पत्रकाराने राजधानीतल्या अधिस्वीकृत पत्रकारांत दलित पत्रकार शोधायला घेतला तेव्हा त्यांना एकही सापडला नाही. आणि ज्याच्याकडे द्यायला पैसेच नाहीत त्याचे काय? भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या कुटुंबांत लग्ने होतात, बाळे जन्मतात, उसाच्या फडात माणसे दगावतात. जिल्ह्याच्या समाजपानावर ती कधी येतात? आली तर ‘ट्रॅक्टर उलटून तीन ठार’ या बातमीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारीसोबत याच जिल्ह्यातले सास्तूर आणि भोवतालची गावे उद्ध्वस्त केली. सुमारे १० हजार माणसे गेली. घरातली जाहिरात देणारी, बातमी सांगणारी माणसेच गेल्यावर निधन वार्ता कोण देणार? वार्ता देण्याची जबाबदारी मृताच्या घरावर आणि त्याच्या ऐपतीवर सोडली, की सर्वांत मोठ्या दुःखाच्या दिवशीच पान मुके होते. शेतकरी आत्महत्यांचेही तेच. बातमीत कर्जाचा आकडा असतो, प्रकरण मदतीला पात्र की अपात्र हे असते. त्या माणसाचे शेत कुठले, त्याला कशाची आवड होती, गावात त्याला कशासाठी ओळखत, हे नसते. वाढदिवसाच्या पानभर मजकुरात मात्र नेत्याच्या आवडीनिवडी सविस्तर असतात.

तिसरा आक्षेप वृत्तपत्रचालकाचा आणि तो सर्वांत अवघड आहे. अंकाच्या किमतीत छपाईचा कागदही निघत नाही; जाहिरात नसेल तर जिल्हा पानच बंद पडेल. हे खोटे नाही. रॉबिन जेफ्री यांनी भारतीय भाषांतल्या वृत्तपत्रांच्या वाढीचा जो अभ्यास २००० साली मांडला, त्यातही स्थानिक बातमी आणि स्थानिक जाहिरात यांची वाढ हातात हात घालून झालेली दिसते. धाराशिवात मोठे उद्योग नाहीत. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत याचे नाव होते. इथे जाहिरात देणारा म्हणजे साखर, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि राजकारण, आणि ही चारही क्षेत्रे बहुतेकदा त्याच काही घरांत असतात. पण या आक्षेपाने एवढेच सिद्ध होते की पानावर जाहिरात असावी. ती बातमी लिहिणाऱ्यानेच गोळा करावी, हे त्यातून निघत नाही. मोठ्या शहरांतल्या याच दैनिकांच्या कार्यालयांत जाहिरात विभाग वेगळा आणि संपादकीय विभाग वेगळा असतो. तालुक्यात ती भिंत नाही, कारण भिंत बांधायला दुसऱ्या माणसाचे मानधन द्यावे लागते. पूर्ण पगाराचा माणूस परवडत नसेल तर दोन-तीन तालुक्यांमिळून जाहिरातीचा एक प्रतिनिधी ठेवता येतो. वाढदिवसाचा मजकूर चौकटीत ‘जाहिरात’ असे ठळक लिहून छापता येतो. पत्र परिषदेची आचारसंहिता तेवढे मागतेच. परिषदेच्या हाती १९७८ च्या कायद्याने समज देणे आणि निषेध नोंदवणे यापलीकडे फारसे काही दिलेले नाही, त्यामुळे हे वृत्तपत्रांनी स्वतःहून करायचे आहे. वाचक फार दूधखुळा नसतो. पाच कौतुकाचे लेख एकाच दिवशी आले की कोणी किती दिले याचा हिशेब पारावर मांडला जातो. ज्या पानावर कौतुक विकत मिळते, त्या पानावर टीकाही कोणीतरी विकत घेतली असेल असे लोक मानू लागतात, आणि प्रामाणिक वार्ताहराने जिवावर उदार होऊन दिलेली बातमीही त्याच संशयात बुडते. पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला. तो हवाच होता, पण गावाचा विश्वास त्याने मिळत नाही.

समाजवार्ता चांगली लिहिली तर कुठपर्यंत जाते, याचे उदाहरण बाहेर शोधायला नको. मराठवाड्यातच ते घडले आहे. वैजापूर तालुक्यात १९१९ साली जन्मलेले अनंत भालेराव हैदराबादच्या मुक्तिसंग्रामातून पत्रकारितेत आले आणि ‘मराठवाडा’चे संपादक म्हणून या प्रदेशाचा आवाज झाले. त्यांच्या ‘मांदियाळी’त माणसांची चित्रे आहेत: लढ्यातले कार्यकर्ते, शिक्षक, सहकारी. ज्या चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते, त्या चळवळीची माणसे इतिहासाच्या ग्रंथात एका ओळीत येतात. व्यक्तिचित्रात ती चालती-बोलती होतात. निधन वार्तेचाच तो वाढलेला, जबाबदारीने लिहिलेला प्रकार म्हणता येईल. आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’तल्या मृत्युलेखांनी हेच वेगळ्या, भरघोस भाषेत केले. अशोक जैन यांच्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मधल्या ‘कानोकानी’ सदराने मुंबईच्या साहित्य-नाट्यविश्वातल्या वार्ता मिस्कीलपणे आणि कोणाचा उपमर्द न करता सांगितल्या. या तिघांना माणसांत रस होता आणि त्या माणसांकडून येणे काही नव्हते. भालेरावांच्या बाबतीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला, मराठवाडाभर दलित वस्त्या जळाल्या, आणि त्या प्रश्नावर ‘मराठवाडा’ने घेतलेली विरोधी भूमिका अनेक दलित कार्यकर्त्यांच्या मनाला कायमची लागली. म्हणजे स्वतंत्र, निर्भय, आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या संपादकाच्या नजरेलाही कडा होत्या. पैशापासूनची मुक्ती ही पहिली अट. ती पुरेशी नाही. लिहिणारे हात वेगवेगळ्या घरांतून आले तरच पानावर वेगवेगळी घरे येतील.

आता चौथी शंका, आणि ती तरुणांची आहे. हे सगळे व्हॉट्सअॅपवर गेले. मरणाची बातमी तासाभरात गावाच्या ग्रुपवर येते, अंत्यविधीची वेळही कळते, वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरची कोण वाट पाहतो? कळवण्याचे काम मोबाइलने घेतले, हे निःसंशय. नोंदवण्याचे काम त्याने घेतलेले नाही. ग्रुपवरचा संदेश फोनसोबत जातो. फ्लेक्स आठवड्याने उतरतो, आणि अवैध फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कडक आदेश दिल्यानंतर तर तो उतरलाच पाहिजे. मृत्यूची सरकारी नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे, पण तिच्यात नाव, वय, तारीख, कारण अशा कोरड्या नोंदीच असतात. माणूस कोण होता, हे वृत्तपत्राच्या जुन्या फायलीतच मिळू शकते. आणि वाचकाला वेगाची गरज उरली नाही, हा वार्ताहराचा फायदाच आहे. बातमी पोहोचवण्याची घाई संपली असेल तर दोन ओळींऐवजी दहा ओळी लिहायला त्याला एक दिवस मिळाला आहे.

त्या दहा ओळींत काय असावे, याचा विचार स्त्रियांच्या निधन वार्तांपासून करावा, कारण तिथे साचा सर्वांत घट्ट आहे. अमुक यांच्या मातोश्री यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. शोकाकुल वातावरणात अंत्यसंस्कार करण्यात आले. मुलाची ओळख ठसठशीत येते, तो कुठल्या संस्थेचा पदाधिकारी आहे तेही येते. बाईचे नाव कधी आडनावापुढच्या कंसात, कधी तेही नाही. मुली येतात त्या संख्येने. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लिहिणे महाराष्ट्राने बंधनकारक केले. वृत्तपत्राच्या साच्याला तो निर्णय लागू नाही, पण दिशा तर लागू होते. साठ वर्षे रानात खुरपलेल्या, सुईणीचे काम केलेल्या, भजनी मंडळ चालवलेल्या, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाईची माहिती घरात सगळ्यांना असते, फक्त ती विचारली जात नाही. यासाठी नवी पुरवणी, जास्तीची पाने किंवा कोणाची देणगी लागत नाही. कुटुंबाचा फोन आल्यावर वार्ताहराने मुलाचे पद लिहून घेण्याच्या आधी बाईंचे पूर्ण नाव, माहेरचे गाव आणि त्या आयुष्यभर काय काम करत होत्या हे विचारायचे आहे, आणि डेस्कवरच्या उपसंपादकाने जागा कमी पडली तर मुलाचे पद आधी काढायचे आहे.